टाकीला वारं

आप्पा,

परवा आमच्या वर्कशॉपात बोटीची एक जुनी मोटार आली, आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलायला तयार नाही. लातूरच्या आयटीआयत बोटीची मोटार! नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल याचा भरवसा नसलेलं हे गाव, इथं बोट कशाला आणि तिची मोटार कशाला, म्हणून आमचे बाकीचे निदेशक हसून राहिले होते. पण अलीकडं पाऊस पडला की नद्या एकदम अंगावरच येतात, त्यामुळं तालुक्यातालुक्याला पुराच्या बोटी ठेवल्यात. त्यातल्याच एकीची ही मोटार. तुमच्या नावेवरच्या मोटारीसारखीच, पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारी, नावेच्या मागच्या फळीला आवळून बसवायची, दोरी ओढून चालू करायची. ती घेऊन एक गृहस्थ आले होते, बिलोलीकडचे, साठीच्या आसपासचे, उभा जन्म पाण्यावर गेलेले. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, चालू होती, पाच मिनटं गुमान चालती, अन् मग खोकून बंद पडती. दोन मेस्त्र्यांनी कार्बेटर खोलून धुतला. आता तुम्ही बघा, न्हाईतर भंगारात घालतो." कार्बोरेटर धुतला म्हणे! तुम्ही असता तर कपाळावर हात मारून घेतला असता.

कारण तुमचा एकच हेका असायचा. पेट्रोल जिथून निघतं तिथून बघत या. आधी टाकी, मग तिचं बूच, मग नळी, नळीतला दाबून पेट्रोल ओढायचा रबरी फुगा, मग जाळी, मग पंपातला पडदा, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. "तितं पोचायच्या आधी तेलाला लई दारं लागतात बाई. एक एक दार उघडं हाय का बघ, मग घरात शीर." चौथी शिकलेला माणूस तुम्ही. मी पुढं पुस्तकं वाचून हेच शिकले, आणि आता इतकी वर्षं पोरापोरींना शिकवते, तेव्हाही याच्यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. फक्त मधे मधे इंग्रजी शब्द घालते, म्हणजे त्यांना परीक्षेत लिहिता येतं.

टाकी रोज घरी आणायची ही आपल्या घाटावरची रीत. काठावर ठेवली की सकाळी रिकामी सापडणार, हे ठरलेलं. संध्याकाळी नाव बांधली की तुम्ही नळी काढायचा, बुचावरचा बारका पेच घट्ट फिरवायचा, म्हणजे चालताना पेट्रोल हिंदकळून अंगावर येऊ नये, आणि टाकी खांद्यावर टाकून घरी यायचा. ओसरीत तुमच्या बाजेखाली तिची जागा. आई रोज कावायची, "भाकरीला सुद्धा तिचा वास येऊन राहिलाय. एक दिवस घराला काडी लागंल, मग बसा बोंबलत!" तुम्ही बिडी अंगणातच विझवून आत यायचा, आईचं तेवढं एक ऐकायचा. सकाळी टाकी नावेत ठेवली की तो पेच आठवणीनं सैल करायचा. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत आली पाहिजे, नाहीतर टाकी आतल्या आत आवळत जाते, पेट्रोल पुढं सरकत नाही, आणि मोटार उपाशी मरते. जो टाकी उचलून आणील त्यानंच पेच सैल करायचा, हा तुमचा कायदा. आणि तरीही दोरीला हात घालायच्या आधी तुम्ही विचारायचा, "वारं दिलं का?" टाकी स्वतःच आणलेली असली तरी विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "दिलं." मी लहानपणी तुमची नक्कल करून आईला हसवायचे.

मी आयटीआयला नाव घातलं तेव्हा गावात काय कमी बोलणी झाली? आपल्या नावेतून रोज पलीकडच्या शाळेवर जाणारे गुरुजी तर तुमच्या तोंडावर म्हणाले होते, "पोरीच्या जातीला पाने-पेचकस कशाला? शिवणकाम तरी घ्यायचं." तुम्ही नांदेडला गेलात आणि फडक्यात बांधून पान्यांचा संच घेऊन आलात. एक पेचकस मात्र तुमचाच जुना होता. त्याची लाकडी मूठ तुम्ही दोन दिवस बसून तासली होती, माझ्या हातात नीट बसावी म्हणून. "हात बारका हाय तुझा, पेच निसटंल," एवढंच म्हणालात. त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर मला कोणी असं काही दिलेलं नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला पाहिजे होतं, पण तेव्हा मला मूठ थोडी वाकडी झाल्याचाच राग आला होता.

आता त्या दिवसाचं लिहिते. ते टाळत टाळतच इथवर आले.

भादव्याचे दिवस होते. मला नोकरीचा हुकूम आला होता, आठवड्यात लातूरला रुजू व्हायचं होतं, आणि मी सामान न्यायला घरी आले होते. सकाळी तुम्ही टाकी उचलायला वाकलात तेव्हा मीच म्हणाले, "द्या इकडं, तुमच्या खांद्याला काय कमी ओझी झालीत का." मोठा पुळका आला होता मला. टाकी घेऊन मी पुढं, वल्हं घेऊन तुम्ही मागं. घाटावर चौदा माणसं होती, पलीकडच्या शेतात निंदायला निघालेल्या बाया, दोन-तीन बाप्ये, आणि गुरुजी. बायांनी मला घेरलंच. "मास्तरीण झाली म्हणं! माय माय, मोटारी शिकवणार म्हणं पोरान्ला!" मी काही पायांवर चालून नाव गाठली नाही त्या दिवशी, तरंगतच गेले. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला. मोबाईल नवा होता, चारचौघांत कानाला लावायची हौस होती. फोनवर बोलत बोलतच मी टाकी नावेत ठेवली, एका हातानं नळी जोडली. तुम्ही मोटारीजवळ बसून विचारलंत, "वारं दिलं का?" आणि मी मागं वळूनही न बघता म्हणाले, "दिलं, दिलं."

दिलं नव्हतं.

खाली विष्णुपुरीला धरणाचे दरवाजे उघडले होते, म्हणून एरवी निवांत पडून राहणाऱ्या पाण्याला ओढ आली होती. आपण मधोमध पोचलो आणि मोटार खोकली, घरघरली, बंद पडली. तुम्ही दोरी ओढलीत, ती क्षणभर चालली, पुन्हा गप्प. नाव आडवी होऊन खाली सरकायला लागली, आणि खाली बुडालेल्या बाभळींची खोडं होती, हे नावेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तुम्ही नळीतला फुगा दाबलात. "चपटाच राहून राहिलाय," म्हणालात. "बाई, टाकीपासून ये." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आप्पा, कार्बोरेटरात कचरा अडकलाय. मला कळतं." तुमच्या हातातून मी मोटार घेतली. हलत्या नावेत झाकण काढलं, कार्बोरेटरची वाटी खोलली, अर्धं पेट्रोल नावेत सांडलं, कचऱ्याचा एक कण नाही. पुन्हा बसवलं. दोरी ओढली. काही नाही. बाया गंगामाईचा धावा करायला लागल्या. गुरुजी ओरडले, "पोरीच्या हाती मोटार देऊन चौदा जीव पाण्यात घालता का?" तुम्ही एकट्यानं वल्ह्यानं नाव खोडांपासून लांब रेटत होता आणि दम लागलेल्या आवाजात सांगत होता, "टाकी, बाई, टाकी बघ!"

शेवटी मी टाकीवर हात ठेवला. तिच्या कुशी आत ओढल्या गेल्या होत्या. बुचावर बोट नेलं तर पेच गच्च. त्याच क्षणी मला सगळं कळलं आप्पा, फोन, घाट, तुमचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. मी पेच फिरवला, फुस्स करून हवा आत गेली, टाकी पुन्हा फुगली, फुगा चार दाबांत टणक झाला आणि दुसऱ्या ओढीला मोटार लागली. वाचलो! बाया रडायला लागल्या, हसायला लागल्या. आणि गुरुजींनी मला विचारलं, "काय झालं होतं गं?"

चौदा माणसं माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आप्पा टाकीला वारं द्यायचं विसरले."

तुमच्या हातात वल्हं तसंच होतं. तुम्ही टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी तुला इच्यारलं ना बाई?" असं म्हणालात. भांडायला नाही, नुसतं खात्री करायला. तेव्हा तरी मला वळता आलं असतं. जागा होती अजून. पण गुरुजी बघत होते, आणि मी पुढच्या सोमवारपासून मोटारी शिकवायला जाणार होते. मी म्हणाले, "नाही आप्पा. आज नाही विचारलंत."

तुम्ही मग म्हणालात, "असंल. राहिलं असंल." मागून कुणीतरी बाई म्हणाली, "वय झालं की वं आता त्यान्चं." गुरुजींनी माझी पाठ थोपटली. ज्या माणसानं मला शिवणकाम शिकायला सांगितलं होतं त्याची शाबासकी मी घेतली, तुमच्यासमोर, आणि मला ती गोड लागली. गोड लागली होती, हे खरं आहे.

मी लातूरला आले आणि पंधरा दिवसांत आईचा फोन, तुम्ही मोटार खालच्या गावच्या एका मासेवाल्याला देऊन टाकली. "ज्याची याद गेली त्यानं चौदा जीव घेऊन बसू न्हाई," असं आईला म्हणालात म्हणे. मला तेव्हा काय वाटलं ते सांगू? बरं वाटलं. मी दोन वर्षं तुमच्या मागं लागले होते, नाव सोडा, छातीत कळ येते तुमच्या, आता घरी बसा. मनाशी म्हणाले, चला, खोट्यातून का होईना, काम झालं. नव्या नोकरीच्या गडबडीत पुढचा विचार करायला मला फुरसत नव्हती.

पण तुम्ही फक्त नाव सोडली नाहीत आप्पा. तुम्ही स्वतःवरचा भरवसा सोडलात. गोळी घेतली की दाराच्या फळीवर खडूनं रेघ ओढायला लागलात, घेतली का नाही हे कळावं म्हणून. कडी लावून अर्ध्या वाटेवरून परत यायचात, कडी बघायला. शेजाऱ्याला सांगायचात, "माझ्या बोलण्यावर जाऊ नको, मला याद राहत न्हाई." आईनं बेजार होऊन तुम्हाला नांदेडला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी शंभर प्रश्न विचारले, तुम्ही सगळ्यांची उत्तरं दिलीत, तीस वर्षांपूर्वीच्या पुरात पाणी कोणत्या पायरीला लागलं होतं तेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, डोकं ठणठणीत आहे. आई मला फोनवर म्हणाली, "मग ह्या माणसाला झालंय तरी काय?" मी म्हणाले, "वय असतं आई." दुसऱ्यांदा तेच वय.

तुम्ही एकदा लातूरला माझ्याकडं राहायला आलात. मी सकाळी डबा करत होते, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चहाची कपबशी घेऊन बसला होता. चहा तुम्हीच केला होता, मला उठू दिलं नव्हतं. पाच मिनटांत तुम्ही मला चार वेळा विचारलंत, "बाई, गॅस बंद केला का मी?" चौथ्या वेळेला मी पोळी तव्यावर तशीच ठेवली. म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी नावेत..." तुम्ही हात वर केलात. "त्या दिवसाचं काढू नको. तुझा हात होता म्हणून चौदा लेकरंबाळं घरी गेली. मी सगळ्यान्ला सांगतो, माझ्या पोरीनं वाचवलं." आणि तुमच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान होता की मी पोळी उलटली. मी स्वतःला कितीदा समजावलंय, की खरं सांगितलं असतं तर तो अभिमानही गेला असता, तुमच्याजवळ दुसरं राहिलं तरी काय होतं. पण ही पळवाट आहे. पोरगी खोटारडी निघाली हे दुःख तुम्ही पचवलं असतं. आपलं डोकं शाबूत आहे हे कळलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी घाटावर गेला असता. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला सोडून गेलात. दाराच्या फळीवरच्या खडूच्या रेघा आईनं कितीतरी दिवस पुसल्या नाहीत.

आणि याच्यावर कडी म्हणजे मी काय केलं ठाऊक आहे? दरवर्षी इंधनाचा धडा आला की मी वर्गात एक गोष्ट सांगते. एका घाटावर एक म्हातारा नावाडी होता, टाकीचा पेच उघडायला विसरला, आणि चौदा माणसं मरता मरता वाचली. पोरं मन लावून ऐकतात. पेपरात उदाहरण म्हणून लिहितात. तुमची शपथ, पहिल्या वर्षी सांगताना जीभ अडखळली होती. नंतर नंतर अडखळायची पण थांबली. वर्षाला तीस-चाळीस पोरं, हिशोब करा, किती जणांच्या डोक्यात तुम्ही विसरभोळे म्हणून जाऊन बसलात.

परवाही तेच. बिलोलीकडच्या त्या गृहस्थांची मोटार आम्ही टाकीपासून बघत गेलो. बूच ठीक, पेच सैल, तरी फुगा चपटा. म्हणजे अडचण टाकी आणि फुग्याच्या मधल्या नळीत. नळी उभी चिरली तर आतलं रबर सुटून एकमेकांना चिकटलेलं. हल्ली पेट्रोलात स्पिरिट मिसळून येतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. हे तुमच्या वेळी नव्हतं. वरून नळी चांगली दणकट दिसत होती, आणि आतून वाट बंद. नवी नळी घातली, मोटार पाण्याच्या पिंपात बसवली, अर्धा तास एका सुरात चालली. ते गृहस्थ एवढे खूश झाले की त्यांनी सगळ्या वर्गाला चहा मागवला. चहा पिता पिता मी माझी नेहमीची गोष्ट सांगायला घेतली. संपली तसे ते म्हणाले, "अस्सा माणूस मोटारीवर बसवायचाच न्हाई मॅडम. मी असतो तर घाटावर पाय ठिवू दिला नसता त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर चिडले होते मी? त्या बिचाऱ्यानं तेच म्हटलं जे मी इतकी वर्षं शिकवत आले. मी म्हणाले, "तो विसरला नव्हता. टाकी मी आणली होती. त्यानं विचारलं होतं, आणि मी दिलं म्हणून सांगितलं होतं." मग सगळंच सांगितलं, फोन, गुरुजी, तुमचं वल्हं, सगळं. पोरं हातात चहा घेऊन तशीच उभी. त्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. 

"वडील होते व्हय तुमचे?"

"हाव."

"मग मागून सांगितलं असंल की त्यान्ला?"

"सांगितलं ना," मी म्हणाले. "त्याच दिवशी, संध्याकाळी."

"काय म्हणले?"

"हसले. म्हणाले, जाऊ दे बाई, होतं असं."

"बापाचं काळीज तसंच असतं," असं म्हणून त्यांनी मोटार जीपमधे घातली आणि गेले. पोरं पण निवांत झाली. एकीनं तर डोळे पुसले.

आज रविवार आहे, कपडे भिजत पडलेत, आणि मी सकाळपासून हा कागद भरून राहिले आहे. पाठवायला पत्ता नाही, आईला वाचून दाखवायची हिंमत नाही. आप्पा, चाळीस पोरांसमोर मी तुमचं हसूसुद्धा बनवून सांगितलं. तुम्ही खरंच हसला असता का, हे मला माहीत नाही.